बेसमेंटमध्ये पाणी आलं, क्लेम नाकारला: अमेरिकेतल्या घराच्या विम्यात कोणतं पाणी बसतं आणि कोणतं नाही

प्रश्न थोडक्यात असा: "न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं घर आहे. जुलैतल्या एका वादळी रात्री बेसमेंटमध्ये चार इंच पाणी आलं. संप पंप, म्हणजे फरशीतल्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप, त्या रात्री बंद पडला होता. कार्पेट, ड्रायवॉल, भारतातून येणाऱ्या आई-बाबांसाठी केलेली खोली, सगळं खराब झालं. विमा कंपनीनं 'वॉटर एक्सक्लूजन' (पाण्याची वगळणूक) हे कलम दाखवून क्लेम नाकारला. आमच्या पॉलिसीत 10,000 डॉलरची 'वॉटर बॅकअप' एन्डॉर्समेंट (मूळ पॉलिसीला जोडलेली जादा तरतूद) आहे, पण पत्रात तिचं नावसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला तेव्हा शेजाऱ्यांना पूर्ण पैसे मिळाले होते. मग आमच्याच बाबतीत असं का? आणि आता काय करता येईल?"

उत्तर:

तुमचा क्लेम अजून संपलेला नाही. नकारपत्रात मूळ पॉलिसीतलं वगळणुकीचं कलम आहे, पण त्याच कलमातला एक भाग जादा प्रीमियम घेऊन परत देणाऱ्या एन्डॉर्समेंटबद्दल अवाक्षर नाही. याचा अर्थ क्लेम पाहणाऱ्यानं एन्डॉर्समेंट तपासलीच नसावी, किंवा 'पाणी जमिनीतून झिरपून आलं' असं ठरवून तिच्याकडे न जाताच फाइल बंद केली असावी. दोन्ही गोष्टी मी वारंवार पाहिल्या आहेत. आधी काही वर्षं विमा कंपनीसाठी आणि नंतर घरमालकांच्या बाजूनं मी हेच काम करत आलो आहे. त्यामुळे आज पहिलं काम हे करा: कंपनीला लेखी विचारा की वॉटर बॅकअप एन्डॉर्समेंटखाली या क्लेमचा विचार झाला का, आणि झाला असेल तर कोणत्या वाक्याच्या आधारे तो नाकारला. फोनवर विचारू नका, ईमेल करा.

आता तुमचा मोठा प्रश्न. घराच्या नेहमीच्या पॉलिसीला एचओ-3 म्हणतात. तिच्यात इमारतीसाठी नियम असा की जे स्पष्टपणे वगळलेलं नाही ते सगळं बसतं. घरातल्या सामानासाठी नियम उलटा आहे: आग, चोरी, वादळ, पाइपमधून अचानक सांडलेलं पाणी अशी कारणांची यादी असते आणि त्या यादीतलंच बसतं. म्हणून एकाच क्लेममध्ये भिंतीचे पैसे मिळतात आणि सोफ्याचे नाकारले जातात, असं घडू शकतं. पण पाण्याच्या बाबतीत इमारतीलाही मोठी वगळणूक लागू होते आणि तिचं मूळ जुनं आहे. 1927 च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर खासगी विमा कंपन्यांनी पुराच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. पूर आला की एकाच खोऱ्यातली हजारो घरं एकाच रात्री बुडतात, आणि विमा मुख्यतः तेच लोक घेतात ज्यांच्या अंगणापर्यंत नदी येते. अशा जोखमीचा हिशोब खासगी कंपनीला जमेना. अखेर 1968 मध्ये काँग्रेसनं राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा केला आणि एनएफआयपी ही सरकारी योजना सुरू झाली. ती आज फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती-व्यवस्थापन संस्था चालवते. तेव्हापासून पूर सरकारकडे आणि पाइप खासगी कंपनीकडे अशी वाटणी चालत आली आहे.

या वाटणीमुळे पॉलिसी वाचताना एक गोष्ट पक्की धरायची. पाणी किती आलं याला पॉलिसी जवळजवळ महत्त्व देत नाही. ती तीन गोष्टी विचारते: पाणी कुठून निघालं, कोणत्या वाटेनं घरात आलं आणि किती काळ येत होतं. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक वादांचं मूळ यांतल्याच एका प्रश्नात होतं, आणि घरमालक मात्र चौथ्याच प्रश्नाचं, म्हणजे "केवढं नुकसान झालं" याचं, उत्तर देत बसलेले असायचे.

शेजाऱ्यांचा पाइप घ्या. पाणी घरातल्याच नळयंत्रणेतून निघालं, अचानक निघालं, वरून खाली आलं. हे एचओ-3 मध्ये सरळ बसतं. पाइपपर्यंत पोचायला भिंत किंवा फरशी फोडावी लागली तर ती फोडून पुन्हा बांधायचा खर्चही मिळतो. मिळत नाही तो फक्त नादुरुस्त पाइपचा किंवा हीटरचा स्वतःचा खर्च, कारण ती वस्तू झिजणं ही मालकाची देखभालीची बाब मानतात. वीस डॉलरचा जोड तुमचा, वीस हजारांचं छत कंपनीचं.

तुमच्या पाण्याची वाट वेगळी आहे. वगळणुकीचं कलम उघडलंत तर त्यात एकाखाली एक असे काही प्रकार दिसतील. पहिला: पूर, लाटा, नदी-तलावाचं बाहेर आलेलं पाणी आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून वाहणारं पाणी. या शेवटच्या शब्दांकडे लोकांचं लक्ष जात नाही. नदी मैलभर लांब असली तरी तुमच्या हिरवळीवर साचून खिडकीतून आत आलेलं पावसाचं पाणी याच प्रकारात मोडतं. दुसरा: गटाराच्या किंवा ड्रेनच्या नळीतून उलटं वर आलेलं, किंवा संपच्या खड्ड्यातून ओसंडलेलं पाणी. तिसरा: जमिनीखालचं पाणी, जे पायावर, भिंतींवर, फरशीवर दाब देतं आणि भेगांतून झिरपतं. या तिन्हींबरोबर आलेला चिखल आणि कचराही वगळलेला असतो.

तुमची एन्डॉर्समेंट यांतला फक्त दुसरा प्रकार परत देते. पहिला आणि तिसरा तसेच बाहेर राहतात. तुमचा सगळा वाद या एका रेषेवर उभा आहे: बेसमेंटमधलं पाणी संपच्या खड्ड्यातून वर आलं की भिंतीतून, फरशीच्या भेगांतून, विंडो वेलमधून (बेसमेंटच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यातून) आलं?

पाण्याची वाट किती निर्णायक ठरते हे पाहायचं तर ह्यूस्टन पाहा. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे चक्रीवादळानं तिथे इतका पाऊस पाडला की टेक्सासमधल्या नेदरलँड गावाजवळ 60 इंचांहून अधिक नोंद झाली. शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर हे पूरनियंत्रणाचे जलाशय आहेत. त्यांचं पाणी चढलं, धरणाच्या वरच्या बाजूची घरं बुडाली, आणि आर्मी कोअरनं (लष्कराच्या अभियंता दलानं) पाणी सोडल्यावर खालची बुडाली. केटी, शुगर लँड या भागांत आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. माणसांनी दरवाजे उघडून सोडलेलं पाणी पूर कसं ठरेल, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. एचओ-3 च्या दृष्टीनं तो पूरच होता. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या कालव्यांच्या भिंती फुटल्या तेव्हाही हाच मुद्दा निघाला होता, आणि 2007 मध्ये फेडरल अपील न्यायालयानं व 2008 मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं मानवी चुकीनं आलेला पूरही पूरच आहे असं ठरवलं. नव्या पॉलिसींत तर कारण नैसर्गिक असो वा मानवी, वगळणूक लागू, असं सरळ लिहिलेलंच असतं. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास गोठलं, वीज गेली आणि पोटमाळ्यावरचे पाइप तडकले. तेव्हा त्याच ह्यूस्टनमध्ये, हार्वेत ज्यांना एक डॉलरही मिळाला नव्हता अशा घरांना छत, भिंती, फरशी, हॉटेलचं भाडं असं सगळं त्याच प्रकारच्या पॉलिसीतून मिळालं.

वगळणुकीच्या सुरुवातीला एक वाक्य असतं, ते शांतपणे वाचा. त्याचा आशय असा की वगळलेल्या कारणानं नुकसान झालं असेल, तर त्याच वेळी किंवा आगेमागे दुसऱ्या कोणत्याही कारणानं त्याला हातभार लावला असला तरी पैसे मिळणार नाहीत. म्हणजे वाऱ्यानं खिडकी फोडली आणि लाटेचं पाणी आत आलं, तर दोघांनी मिळून केलेलं नुकसान कंपनी पूर्णपणे पुराच्या खात्यात टाकू पाहते. कॅटरिनानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर यावर मोठी लढाई झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये दिलेला निकाल मला फार न्याय्य वाटतो: पाणी येण्याआधी वाऱ्यानं जे मोडलं त्याचे पैसे त्याच क्षणी देणं लागतात, मागाहून आलेलं पाणी तो हक्क पुसून टाकू शकत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत मुख्य कारण कोणतं हे पाहिलं जातं आणि हे वाक्य जसंच्या तसं चालत नाही. न्यू जर्सीतली न्यायालयं ते साधारणपणे मान्य करतात. म्हणून तुमच्याकडे दोन वाटांनी पाणी आलं असेल, तर कोणत्या पाण्यानं काय भिजवलं हे वेगळं करून दाखवण्याला फार किंमत आहे.

आता तुमच्या बेसमेंटकडे येऊ. संपच्या खड्ड्यातून पाणी ओसंडतं तेव्हा त्याची खूण राहते. खड्ड्याचं झाकण सरकलेलं असतं, त्याच्याभोवती गाळाचं वर्तुळ असतं, आणि पाणी खड्ड्यापासून उताराच्या दिशेनं पसरत गेलेलं असतं. भिंतीतून पाणी आलं असेल तर भिंत वरपासून ओघळलेली दिसते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यावर ओल जास्त राहते, आणि काँक्रीटवर पांढरे क्षार उमटलेले असतात. ते क्षार एका रात्रीत तयार होत नाहीत, त्यामुळे कंपनीचा माणूस त्यांचे फोटो आवर्जून काढतो आणि "जुना पाझर" असं लिहितो. विंडो वेलमधून आलेलं पाणी काचेवर आणि खिडकीखालच्या ड्रायवॉलवर मातीची धार सोडतं. वाळवण करणाऱ्या कंपनीला तुम्ही बोलावलं असेल, तर तिच्याकडे पहिल्या दिवसाचा ओलाव्याचा नकाशा असतो: कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर, किती ओल. तो नकाशा मिळवा. चारही भिंतींवर चार इंचांपर्यंत सारखी ओल आणि वरचा भाग कोरडा असेल, तर पाणी मधून वर आलं या म्हणण्याला आधार मिळतो. एकाच भिंतीवर दोन फुटांपर्यंत ओल असेल, तर ती भिंत वेगळी बोलते आहे आणि ते मान्य करूनच क्लेम मांडावा लागेल.

पंपाचं काय झालं हेही लेखी हवं. मोटर जळली होती, फ्लोट अडकला होता, की वीज गेली होती? प्लंबरकडून दोन ओळींचं सही केलेलं पत्र घ्या आणि तो जुना पंप टाकू नका. बहुतेक बॅकअप एन्डॉर्समेंटमध्ये पंप यांत्रिक कारणानं बंद पडला तरी नुकसान बसतं, फक्त पंपाची किंमत मिळत नाही. वीज गेल्यानं पंप थांबला असेल तर जास्त जपून वाचा. मूळ पॉलिसीत "घराच्या आवाराबाहेर वीज खंडित झाल्यानं झालेलं नुकसान" अशी वेगळी वगळणूक असते, आणि एन्डॉर्समेंट तिला सूट देते की नाही हे कंपनीगणिक बदलतं. शिवाय बऱ्याच एन्डॉर्समेंटमध्ये एक अट असते: गटार किंवा संप उलटा भरण्याचं कारणच पूर असेल तर पैसे नाहीत. त्या रात्री तुमच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं का, शेजारच्या अंगणांत होतं का, याची उत्तरं कंपनी याच अटीसाठी शोधेल. रस्ता कोरडा होता असा एखादा फोटो, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, काहीही असेल तर जपून ठेवा.

इथे पुराव्याच्या ओझ्याबद्दल सांगायला हवं. नुकसान पॉलिसीच्या काळात झालं हे तुम्ही दाखवायचं. ते वगळलेल्या कारणानं झालं हे कंपनीनं सिद्ध करायचं. पण वगळलेली गोष्ट एन्डॉर्समेंटनं परत दिली आहे असं म्हणायचं झालं, की ओझं बहुधा पुन्हा तुमच्याकडे येतं. "कंपनीनं सिद्ध करावं" म्हणून हात बांधून बसू नका.

आणि बोलताना नेमकं बोला. पाइप फुटून खोलीभर पाणी झालं तरी आपण सहज "घरात फ्लड झाला" असं फोनवर सांगतो. पलीकडचा माणूस तोच शब्द कारणाच्या रकान्यात लिहितो आणि फाइल तिथूनच चुकीच्या रुळावर जाते. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा: "संपच्या खड्ड्यातून पाणी वर येत होतं." जे पाहिलं नाही त्याचा अंदाज करू नका. खोटं तर कधीच सांगू नका, कारण महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली तर अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त क्लेम जिथे अडकतात तो प्रकार म्हणजे हळूहळू होणारी गळती. फ्रिजच्या बर्फाच्या यंत्राला जाणारी बारीक नळी, डिशवॉशरमागचा जोड, वरच्या बाथरूममधल्या टाइलच्या सांध्यातून खाली उतरणारं पाणी. आठवडे, महिने, वर्षं चाललेला सततचा किंवा पुन्हा पुन्हा होणारा पाझर बहुतेक पॉलिसी वगळतात, आणि काही पॉलिसींत त्यासाठी 14 दिवसांची रेघ आखलेली असते. ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा कंपनीचा माणूस, येतो, कॅबिनेटमागे काळी बुरशी आणि कुजलेलं लाकूड पाहतो आणि "दीर्घकालीन" असं लिहून जातो. पण हे उत्तर प्रत्येक वेळी अंतिम नसतं. फ्लोरिडातल्या एका अपील न्यायालयानं 2018 मध्ये अगदी अशाच, फ्रिजच्या नळीच्या, प्रकरणात ठरवलं की 14 किंवा अधिक दिवसांच्या गळतीची वगळणूक पहिल्या 13 दिवसांतल्या नुकसानीला आपोआप लागू होत नाही. हा निकाल दुसऱ्या राज्यांना बांधील नाही, तरी युक्तिवाद म्हणून तो मांडता येतो. शिवाय गळती भिंतीच्या आत लपलेली होती, तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं, अशा वेळी काही पॉलिसी पैसे देतात आणि काही कंपन्या त्यासाठी "लपलेली गळती" नावाची वेगळी एन्डॉर्समेंट विकतात. माझ्या मते जुन्या पाइपांच्या घरात ती घ्यावीच.

बुरशीचा हिशोब वेगळा असतो. ओल 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते, आणि पॉलिसीत बुरशीसाठी बहुधा वेगळी, लहान मर्यादा असते. 10,000 डॉलर हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. म्हणून ॲडजस्टर येईपर्यंत ओलं कार्पेट तसंच ठेवणं हा चुकीचा सल्ला आहे. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीनंच तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. फोटो आणि व्हिडिओ घ्या, कार्पेटचा आणि ड्रायवॉलचा एकेक तुकडा पिशवीत ठेवा, तुटलेला भाग ठेवा, आणि वाळवण लगेच सुरू करा. वाळवण कंपनीनं पुढे केलेल्या कागदावर मात्र क्लेमचे हक्क त्यांच्या नावे करून देणारं वाक्य नाही ना, ते वाचूनच सही करा.

डिसेंबरात महिना-दीड महिना भारतात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गोठून फुटलेला पाइप एचओ-3 मध्ये बसतो, पण अट अशी की घरात पुरेशी उष्णता ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी, किंवा पाण्याचा मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत. वीजबिल वाचवायला हीटिंग बंद करून गेलात आणि पाइप फुटला, तर नकार येणार आणि तो टिकणार. थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या खाली आणू नका, मुख्य नळ बंद करून जा, आणि दर काही दिवसांनी घरात डोकावणारं कुणीतरी ठेवा. गॅसचं बिल हा नंतर उत्तम पुरावा ठरतो. तुम्ही सहलीला गेलात म्हणजे घर "व्हेकंट" झालं असं नाही. सामानासकट, परत यायच्या इराद्यानं बंद असलेलं घर फक्त तात्पुरतं रिकामं असतं. पण विक्रीसाठी सामान हलवून 60 दिवसांहून जास्त काळ मोकळं ठेवलेलं घर वेगळं, तिथे बरंच संरक्षण गळून पडतं. भाड्यानं दिलेल्या दुसऱ्या घराला एचओ-3 चालतच नाही. त्याला डीपी-3 ही भाड्याच्या घरांची पॉलिसी घ्या. डीपी-1 ही स्वस्त पॉलिसी पाइपच्या पाण्याला सहसा उपयोगी पडत नाही.

छतातून आलेल्या पावसाचा नियम सोपा आहे: वाऱ्यानं किंवा गारांनी आधी छताला किंवा भिंतीला भोक पाडलं पाहिजे, तरच आतलं सामान बसतं. जुन्या शिंगलमधून किंवा तुंबलेल्या पन्हळीवरून आलेलं पाणी देखभालीत जातं. कॉन्डोत राहत असाल तर तुमची एचओ-6 (कॉन्डोमालकाची पॉलिसी) आणि असोसिएशनची मास्टर पॉलिसी (सगळ्या इमारतीची) शेजारी ठेवून वाचा. भिंतीच्या आतल्या बाजूपासून जबाबदारी कुणाची, हे असोसिएशनच्या नियमपत्रात लिहिलेलं असतं.

पूरविमा घ्यावा का, हे लोक मला विचारतात तेव्हा मी सप्टेंबर 2021 आठवायला सांगतो. 1 सप्टेंबरला आयडा वादळाचे अवशेष न्यू जर्सीवरून गेले. न्यूअर्कमध्ये एका दिवसात 8.41 इंच पाऊस पडला, मॅनविलसारखी गावं रॅरिटन नदीच्या पाण्यात गेली, आणि नदीपासून लांब असलेल्या कितीतरी वस्त्यांची बेसमेंट भरली. "आमचं घर फ्लड झोनमध्ये नाही" याचा अर्थ बँक सक्ती करत नाही इतकाच. फेमाच्याच आकड्यांनुसार 2014 ते 2018 या काळात एनएफआयपीचे 40 टक्क्यांहून जास्त क्लेम उच्च जोखमीच्या क्षेत्राबाहेरून आले होते. एनएफआयपीत घराला जास्तीत जास्त 2,50,000 आणि सामानाला 1,00,000 डॉलर मिळतात, आणि पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे 30 दिवसांनी ती लागू होते. वादळाची बातमी ऐकून घेऊन उपयोग नाही.

तरीही एनएफआयपी घेतलीत म्हणून सजवलेलं बेसमेंट सुरक्षित झालं असं समजू नका. जमिनीच्या पातळीखाली ती फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, जिना, पाया, रंग न दिलेला साधा ड्रायवॉल, वॉशर-ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्या गोष्टींनाच पैसे देते. कार्पेट, टाइल, पलंग, टीव्ही, रंगवलेल्या भिंती या त्यात नाहीत. शिवाय पूर म्हणजे दोन किंवा अधिक एकर कोरडी जमीन, किंवा तुमच्यासह किमान दोन मालमत्ता पाण्याखाली, अशी तिची व्याख्या आहे. फक्त तुमच्याच बेसमेंटमध्ये पंप बंद पडून आलेलं पाणी तिथेही बसत नाही. खासगी कंपन्यांच्या काही पूरपॉलिसी बेसमेंटला अधिक देतात, त्यांची किंमत विचारून पाहा. तुमच्यासारख्या घरासाठी मी क्रम असा लावेन: आधी बॅकअपची मर्यादा 10,000 वरून 25,000 किंवा त्याहून वर न्या, कारण आई-बाबांची खोली, बाथरूम, फरशी धरून 10,000 कुठेच पुरत नाहीत. त्याबरोबर बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवा. मग पूरविमा.

आता तुमच्या क्लेमचा पुढचा मार्ग. पॉलिसीची सर्व एन्डॉर्समेंटसह प्रमाणित प्रत मागा. फील्ड ॲडजस्टरचा अहवाल आणि त्यानं काढलेले सगळे फोटो मागा. मग एक पत्र लिहा, पानभराचं, रागाशिवाय: पाणी संपच्या खड्ड्यातून आलं, त्याचे पुरावे हे, एन्डॉर्समेंटचं हे वाक्य लागू होतं, क्लेमचा फेरविचार करावा. प्लंबरचं पत्र, ओलाव्याचा नकाशा, फोटो जोडा. एखादी भिंत खरोखर पाझरली असेल तर तिचा खर्च स्वतःहून वेगळा काढा. प्रामाणिकपणे वेगळा केलेला हिशोब पाहिला की समोरच्याचा उरलेल्या आकड्यावर विश्वास बसतो. न्यू जर्सीत प्रत्येक कंपनीला अंतर्गत अपिलाची व्यवस्था ठेवावी लागते, तिची मागणी करा. तिथेही नकार आला तर राज्याच्या बँकिंग आणि विमा विभागाकडे तक्रार करता येते, आणि ती फुकट असते. पॉलिसीतलं "अप्रेझल" हे कलम मात्र आत्ता उपयोगाचं नाही. ते रकमेवर वाद असतो तेव्हाचं आहे, नुकसान बसतं की नाही या वादाचं नाही. पब्लिक ॲडजस्टर, म्हणजे घरमालकाच्या बाजूनं क्लेम मांडणारा माणूस, मिळालेल्या रकमेचा काही टक्के हिस्सा घेतो. 10,000 च्या मर्यादेच्या क्लेमसाठी मी स्वतः पब्लिक ॲडजस्टर असूनही सांगतो, हे पत्र आधी तुम्हीच लिहा.

मुदतीकडे लक्ष ठेवा. कोर्टात जायची मुदत पॉलिसीतच छापलेली असते, कुठे एक वर्ष, कुठे दोन, आणि ती नुकसानीच्या तारखेपासून मोजतात. न्यू जर्सीत तुम्ही क्लेम कळवल्यापासून कंपनीनं औपचारिक नकार देईपर्यंतचा काळ त्यातून वगळला जातो, पण नकारपत्र हातात पडल्यावर घड्याळ पुन्हा चालू होतं, आणि फेरविचाराचा अर्ज पडून आहे म्हणून ते थांबेलच असं धरून चालू नका. नकारपत्रावरची तारीख आजच वहीत लिहून ठेवा, आणि वर सांगितलेला ईमेल याच आठवड्यात पाठवा.